सातव्या पानाला भोकं नाहीत

३ मार्च, सोमवार

खारू,

आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. चार वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी तेच मनात आणलं असशील, म्हणून. कुणी गेलं असतं तर फोन केला असता. तुझे भाऊजी ठणठणीत, मी ठणठणीत. दुकान तेवढं भिजलं.

वरच्या दातांच्या डॉक्टरची करणी. जानेवारीत एका शनिवारी दुपारी तो कुलूप लावून गेला आणि त्याच्या त्या चूळ भरायच्या भांड्याची नळी निसटली. शनिवार-रविवार दोन दिवस पाणी वाहत होतं आणि छतातून बरोबर आपल्या कटिंग मशीनच्या डोक्यावर पडत होतं. सोमवारी सकाळी शटर वर केलं तर आधी पाणी बाहेर आलं आणि मागून पुठ्ठ्याचा लगदा. ग्रंथालयाची एकशेचाळीस पुस्तकं शिवून टेबलावर रचली होती, नुसते पुठ्ठे चढवायचे बाकी होते. ती फुगून अशी काही बसली होती की मला आधी हसूच आलं. मग पायरीवर बसून रडले. शेजारचा चष्मेवाला धावत आला आणि म्हणतो कसा, "ताई, थोडं पाणी घ्या." त्या वेळेला पाणी! चांगला माणूस आहे, पण वेळ कळत नाही.

आप्पांनी उतरवलेला दुकानाचा विमा मी एकही हप्ता न चुकवता भरत आले होते. विमा कंपनीत तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा वेगळ्या टेबलावरून वेगळा फॉर्म मिळाला. चौथ्या दिवशी एक माणूस आपण होऊन दुकानात आला. करडा सूट, हातात जाड बॅग, तोंडात साखर. लोकांना क्लेम मिळवून देणारी एक सेवा असते म्हणे, तिचा हा प्रतिनिधी. "ताई, तुम्ही फक्त विश्रांती घ्या. धावपळ आमची. क्लेम मंजूर झाला तर दहावा हिस्सा आम्हाला, नाही झाला तर काहीच नाही." मी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलंय. करार झाला, त्याने धावपळ केली, क्लेम मंजूरही झाला. पैसे आधी त्या सेवेकडे जमा होतात आणि त्यांच्याकडून आपल्याला मिळतात, असं ठरलं होतं.

आता त्यांचं बिल आलंय. खारू, मी आयुष्यात इतके नवे शब्द एका पानावर पाहिले नव्हते. नोंदणी शुल्क. समन्वय शुल्क. पाठपुरावा शुल्क, तेही "साधा" आणि "विशेष" असं दोन प्रकारचं. छायाचित्र हाताळणी. आणि सगळ्यांत कडी म्हणजे "सांत्वन भेट, नग दोन". तो दोनदा येऊन "फार वाईट वाटलं हो" म्हणून गेला होता, त्याचे पैसे लावलेत मेल्याने! सगळं मिळून दहावा हिस्सा कसला, जवळजवळ अर्धी रक्कम जाते. हे मान्य आहे असं लिहून दिल्याशिवाय उरलेली अर्धीही सोडणार नाहीत. इकडे कटिंग मशीनची मोटर जळलेली, आणि ग्रंथालयाने सांगितलंय की एप्रिल संपायच्या आत पुस्तकं नाही मिळाली तर वर्षाचं काम दुसरीकडे देऊ. ते काम गेलं तर दुकान गेलंच म्हणून समज.

तुझे भाऊजी म्हणतात, "लिहून दे आणि मोकळी हो, अर्धे तर अर्धे." मी म्हटलं, तुम्ही घरात मोकळे बसा. मी देणार नाही.

लिहायचं कारण एवढंच, की पॉलिसीवर आप्पांनी आपल्या दोघींची नावं घातली होती ती तशीच आहेत, आणि बिलाखाली बारीक अक्षरात छापलंय, "प्रत : दोन्ही विमाधारकांस". तेव्हा तुझ्याकडेही एक जाडजूड पाकीट येईल. ते उघडायच्या भानगडीत पडू नकोस. आहे तसं मला पाठवून दे. तुला उगाच ताप कशाला?

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. पाकीट मात्र पाठव.

ताई


१२ मार्च, बुधवार

खारू,

तुझं पत्र मिळालं. अडीच ओळी. मोजल्या मी. "पाकीट उघडलं. करारावर माझी सही आहे. मी ती केलेली नाही. काय प्रकार आहे ते कळव." खाली नाव नाही, "ताई" नाही, काही नाही. मोठ्या छापखान्यात नोकरी लागली की शाई जपून वापरायला शिकवतात वाटतं.

सहीचं म्हणशील तर काहीतरी घोळ असेल त्यांचा. अशा ठिकाणी शेकड्यांनी कागद असतात, इकडचं तिकडे होतं. मी बघते.

काल त्या सेवेच्या ऑफिसात जाऊन आले. तिसरा मजला, काचेचं दार, आत गालिचा. दारातच एक यंत्र नंबराची चिठ्ठी देतं. माझा नंबर एकेचाळीस, आणि समोर माणसं चार. खिडकीमागे एक मुलगी होती, तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, कानात वायर. मी म्हटलं, "समन्वय म्हणजे तुम्ही काय केलंत ते मला एका वाक्यात सांगा." ती म्हणाली, "मॅडम, ते परिशिष्टात आहे." म्हटलं, परिशिष्ट कुठे आहे? "करारात, पान सात." म्हटलं, मी सही केली तेव्हा असलं काही पान नव्हतं. तर म्हणते, "मॅडम, करार नऊ पानी आहे, आणि नवव्या पानावर तुमच्या दोघींच्या सह्या आहेत." आणि "दोघींच्या" म्हणताना तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नंबराची चिठ्ठी चुरगळली आणि जिन्याकडे वळले.

एरवी मी अशी निघून येणारी नाही, हे तुला सांगायला नको. जिना उतरताना मात्र मला सगळं सुचलं. मग परत तीन मजले चढून गेले. तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. खिडकीवर पाटी आणि आत डबे उघडल्याचा आवाज. पाटीसमोर उभी राहून मी जे बोलायचं ते बोलून घेतलं. रखवालदाराने ऐकलं. त्याला पटलं असावं, कारण त्याने लिफ्टचं दार उघडून दिलं.

मी लेखी तक्रार करणार आहे. विमा कंपन्यांवर आणि असल्या सेवांवर लक्ष ठेवणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथे तक्रार अधिकारी बसतात. चष्मेवाल्याने पत्ता दिला. त्याच्या मेहुण्याची गाडी ठोकली होती तेव्हा तो तिथे गेला होता.

सहीची काळजी करू नकोस.

ताई


१३ मार्च, गुरुवार

खारू,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरापर्यंत येईतो मला माझीच लाज वाटली. पेटीत हात जात असता तर काढून घेतलं असतं. आता ते तुझ्याकडे येणारच, तर त्याच्या मागोमाग हेही येऊ दे.

सही मी केली.

घोळ त्यांचा नाही. साखरतोंड्या म्हणाला, "पॉलिसीवर दोन नावं आहेत, तर दोन सह्या लागतील. बहिणीबाईंना बोलवून घ्या." मी म्हटलं, ती बाहेरगावी असते. "मग पोस्टाने पाठवू?" म्हटलं नको, उद्या या, घेऊन ठेवते. आणि रात्रीचं जेवण आटोपून ओट्यावरच तुझं नाव लिहिलं. एका फटक्यात, दोन्ही प्रतींवर. तुझी सही मीच तुला शिकवली होती, बँकेचं खातं उघडायचं होतं तेव्हा. शेवटच्या अक्षराची शेपटी खालून वळवायची, हे माझंच. त्यामुळे हात अडला नाही.

का केली? तू विचारशील म्हणून सांगते, आणि खरं सांगते. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि पहिलं पत्र लिहायचं ते सहीसाठी? तू म्हणाली असतीस, गरज पडली तेव्हा आठवण आली. आणि ते खरं असतं. ते ऐकायला लागू नये म्हणून मी तुझं नाव चोरलं. दुसरं काही कारण नाही. पैशासाठी केलं असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आता दुसरं सांगते, आणि हे वाचताना बसून घे.

आज सकाळी दुकानात टेबल पुसून करार काढला. तुझ्या नावाकडे एकदा नीट बघायचं होतं, म्हणजे स्वतःचीच कानउघाडणी करायला. तुला आठवतं ना, आप्पांच्या टेबलावर सुटा कागद म्हणून कधी राहत नसे? कागद कुठलाही असो, लग्नाचं आमंत्रण असो की कराची नोटीस, आला की आधी टोच्याने समासात तीन भोकं, मेणाचा दोरा, गाठ, मग वाचायचं. माझ्या हाताला तेच वळण आहे. साखरतोंड्याने करार टेबलावर ठेवला आणि तो चहा पीत बसला, तेवढ्यात मी त्याच्या दोन्ही प्रती शिवून टाकल्या. तो हसला होता. "ताई, आमच्याकडे स्टेपलर आहे." म्हटलं, पिना गंजतात. सह्या झाल्यावर दोन्ही प्रती तो शिक्के मारायला घेऊन गेला आणि महिन्याने माझी प्रत पोस्टाने आली. दोरा काढलेला, वर दोन पिना मारलेल्या.

मला तेव्हा राग आला होता. पण कशाचा, तर माझी शिलाई उसवली याचा! अर्धा दिवस धुसफुसत होते. कराराची शिलाई कुणी उगाच उसवत नाही, हे इतक्या वर्षांच्या बाइंडिंगवालीच्या डोक्यात येऊ नये? दुसरं कुणी असतं तर निदान पानं मोजली असती. मी दोऱ्याचा अपमान मोजत बसले.

आज पिना काढल्या आणि पानं उजेडात धरली. पहिल्या पानाला तीन भोकं. दुसऱ्याला तीन. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्याला तीन. सातव्याला एकही नाही. नुसत्या पिनांच्या खुणा. आठव्याला तीन, सह्यांच्या नवव्याला तीन. पान सात म्हणजे परिशिष्ट. सांत्वन भेट, समन्वय, विशेष पाठपुरावा, सगळी भुतं त्या एका पानावर. पानांचे आकडेसुद्धा छापील नाहीत, शिक्क्याने मागाहून मारलेत. मी धावत चष्मेवाल्याकडे गेले, त्याचं भिंग लावून घेतलं. तो म्हणाला, "ताई, हा कागदही वेगळा आहे, जरा पिवळट." मला ते उघड्या डोळ्यांनी दिसलं होतं, पण त्याला आनंद झाला म्हणून बोलले नाही.

खारू, मी सही केली तेव्हा ते पान त्या करारात नव्हतंच. हे मी कुठेही सिद्ध करू शकते. फक्त त्यासाठी तो करार अधिकाऱ्यांपुढे ठेवावा लागेल, आणि नववं पानही त्यातच आहे.

ताई


२६ मार्च, बुधवार

खारू,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघतेय.

तू मला लिहिलं नाहीस, पण त्यांना लिहिलंस. "सही माझी नाही" म्हणून. हे मला साखरतोंड्याकडून कळलं, काल. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं असतं, आणि त्यात चार शिव्या जास्त घातल्या असत्या.

तो दुपारी आला. मी फरशीवर बसून ग्रंथालयाच्या पुस्तकांची चिकटून बसलेली पानं सुटी करून सपाट करत होते, पान-पान, मध्ये टीपकागद घालून. साठ पुस्तकं बचावलीयत, बाकीची ग्रंथालय नवी विकत घेतंय. तो स्टूल ओढून बसला. आवाज असा की आजारी माणसाच्या उशाशी बसलाय.

"ताई, बहिणीबाईंचं पत्र आलंय. मला इतकं वाईट वाटलं!"

"तुम्हाला वाईट वाटलं की मला बिल येतं," मी म्हटलं. "मुद्द्यावर या."

मग आला मुद्द्यावर. खोटी सही म्हणजे पोलिसांचं काम. बाईमाणूस, बाजारात इतक्या वर्षांचं नाव, कशाला शोभा करून घ्यायची? आपण घरातल्यासारखी माणसं. बिल मान्य आहे एवढं लिहून द्या, तक्रार मागे घ्या, आणि बहिणीबाईंचं पत्र आमच्या फाइलीत तळाशी जाऊन बसेल. कुणाला पत्ता लागणार नाही.

सांगते तुला, क्षणभर मी पेन कुठे ठेवलंय ते आठवायला लागले. खोटं कशाला बोलू? डोळ्यांपुढे आप्पांची पाटी आली, तिच्यावर लिहिलेलं आप्पांचं नाव आलं. तुझे भाऊजी आतल्या खोलीत होते, ते खुणेने "दे, दे, लिहून दे" करत होते. आणि मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात त्याला म्हटलं, अरे, मी चूक केलीय ती माझ्या बहिणीची! तिच्यापुढे मी मान खाली घालीन. तुझ्यापुढे का घालू? तू कोण लागून गेलास माझी चूक विकत घेणारा?

मी उठले, हात पुसले आणि म्हटलं, "पोलीस चौकी पुढच्या चौकात डाव्या हाताला आहे. थांबा, शटर ओढते. बरोबरच जाऊ. तुम्ही सहीचं सांगा, मी सातव्या पानाचं सांगते."

तो उठला. बॅग काखोटीला मारली. पायरीपर्यंत गेला तेव्हा मी मागून ओरडले, "ही तिसरी सांत्वन भेट! लावा बिलात!" चष्मेवाला त्याच्या दुकानात हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.

पण संध्याकाळी हसू उतरलं. तुझे भाऊजी जेवले नाहीत. "खोट्या सहीचं आपण होऊन कबूल करणार? उद्या तुला आत टाकलं तर?" त्यांचा जीव वर-खाली होतो, म्हणून ते असं बोलतात. मी म्हटलं, तर डबा घेऊन या. ८ एप्रिलला सुनावणी आहे.

आणि एक राहिलं. तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी मनात पुष्कळ वेळा वेगवेगळं बोलून बघितलंय, पण कागदावर कधी आणलं नाही. तू पानं चिकटवायचं गरम डिंकाचं मशीन घेऊ म्हणालीस. मी म्हटलं आपल्या दुकानात शिलाईच होईल. इथवर ठीक. त्यानंतर मी जे म्हटलं, "हे दुकान आप्पांनी मला शिकवलं, तुला नुसतं दोरे तोडायला बसवलं होतं," ते ठीक नव्हतं. आणि ते खरंही नव्हतं. पुस्तकाचा कणा गोल करण्यात तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. आप्पा ते माझ्याजवळ बोलून दाखवायचे आणि मला ते खपायचं नाही. चुकलं माझं. त्या दिवशीही आणि त्यानंतरचे सगळे दिवस न लिहून.

क्लेमची जी यादी तुझ्या पाकिटात आहे तिच्यात चौथी वस्तू बघ. "गरम डिंकाचं मशीन, एक." तू गेल्यावर दोन महिन्यांनी घेतलं मी. तुला कुठून तरी कळेल म्हणून आत, पडद्यामागे ठेवलं होतं. चांगलं चालत होतं, मेलं.

ताई


९ एप्रिल, बुधवार

खारू,

काल सुनावणी झाली. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मी मध्येच भांडायला लागेन.

लांबट खोली, उंच खिडक्या, मधोमध टेबल. अधिकारी एक बाई, माझ्याच वयाच्या, जबरदस्त सर्दी झालेली, गळ्याला मफलर. दर दोन वाक्यांनी शिंकत होत्या. समोर साखरतोंड्या आणि त्यांचा वकील. आमच्या बाजूला मी आणि तुझे भाऊजी, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. खरंच डबा आणला होता त्यांनी. मी चिडून बोलले होते, ते यांनी मनावर घेतलं!

मी करार टेबलावर ठेवला, पिना काढल्या, आणि दाभणात दोरा ओवला. वकील म्हणाला, "हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या, "चालू द्या." मी पहिल्या सहा पानांतून दाभण नेलं. जुन्या भोकांतून सरळ गेलं, जोर लावावा लागला नाही. सातव्याला टेकलं आणि अडलं. बाईंनी चष्मा वर केला. "द्या इकडे." त्यांनी स्वतः करून बघितलं. मग सेवेकडची प्रत मागितली. साखरतोंड्या बॅगेत फार वेळ शोधत होता. ती प्रत निघाली, आणि तीच गत. आठ पानं माझ्या भोकांची, सातवं कोरं. बाई शिंकल्या आणि म्हणाल्या, "हे पान केव्हा घातलंत?" साखरतोंड्याने वकिलाकडे बघितलं.

मग वकील उठला. त्याच्या हातात टाकायला आणखी एक पान होतं, नववं. "मॅडम, तक्रारदार बाईंच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते बघा. नवव्या पानावर यांनी बहिणीची खोटी सही केली आहे." आणि तुझं पत्र ठेवलं टेबलावर. तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सही कुणाची?"

खारू, खोटं बोलायला जागा होती. मी म्हणू शकले असते की तिने फोनवर सांगितलं, ती विसरली असेल, आमच्या घरात असंच चालतं. रस्ताभर तुझे भाऊजी मला हेच पढवत होते. मी उभी राहिले.

"नाव बहिणीचं, हात माझा," मी म्हटलं. "तिला विचारलं नव्हतं. तिला माहीतही नव्हतं. याची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण मी चोरी केली म्हणून यांची चोरी माफ होत नाही. माझी वेगळी लिहा आणि यांची वेगळी लिहा."

वकील हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नाक पुसलं आणि वकिलाला विचारलं, "म्हणजे दोन विमाधारकांपैकी एकीची सहीच नाही, असं तुमचंच म्हणणं?" तो म्हणाला, अर्थात. "मग हा करार झालाच नाही. झालाच नाही तर तुम्ही यांच्या नावचे पैसे कुठल्या अधिकाराने घेऊन बसलाय?" त्याचं हसू तोंडावरच राहिलं, काढून घ्यायला जमेना.

निकाल असा. सगळी रक्कम विमा कंपनीला परत. सेवेला काही नाही, दहावा हिस्सासुद्धा नाही. सातव्या पानाची वेगळी चौकशी, कारण तसली पानं आणखी किती जणांच्या करारात शिरलीयत ते बघायचंय. बाहेर आल्यावर मी इतक्या जोरात हसले की भाऊजींनी मला कोपऱ्यात ओढलं आणि तिथेच, जिन्याच्या खिडकीपाशी, डबा उघडला. दोघांनी मिळून संपवला.

पण बाईंनी मला जाऊ देताना परत बोलावलं होतं. टेबलावर दोन फॉर्म ठेवले. "हा क्लेमचा, नव्याने. दोन सह्या, साक्षीदारासमोर, ज्याची त्याने. आणि हा दुसरा तुमच्या बहिणीसाठी. तुमच्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर. ती आली तर तिचा निकाल लागेपर्यंत क्लेम थांबेल, हे तुम्हाला माहीत असू दे. दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम तुमचं."

क्लेम थांबला तर एप्रिलमध्ये मोटर बसणार नाही, आणि ग्रंथालयाचं काम जाईल. हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. घरी आल्यावर तुझे भाऊजी म्हणाले, "पहिला पाठव. दुसरा पाठवला की नाही, कोण बघायला येतंय?" मी त्यांच्याशी भांडले नाही, इतकी दमले होते. नुसतं म्हटलं, मी बघतेय ना.

सोबत दोन्ही आहेत. पहिल्यावर माझी सही केलीय, चष्मेवाला साक्षीदार. दुसऱ्यात तक्रार कुणाविरुद्ध ते लिहायच्या जागी माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून ठेवलाय, तुला त्रास नको म्हणून.

मला वाईट वाटेल म्हणून पहिला भरू नकोस. राग आहे म्हणून दुसरा भरायचा असेल तर बेलाशक भर, मी उत्तर द्यायला समर्थ आहे. दोन्ही भरलेस तरी माझं काही म्हणणं नाही. पैसे येवोत न येवोत, उद्या सकाळी शटर वर जाणार. मोटर नाही तर सुरीने कापीन, साठ पुस्तकं आहेत हातात, मला एकटीला महिनाभर पुरतील.

दोन्ही फॉर्मवर तुझ्या नावापुढची जागा कोरी आहे. पाकीट चिकटवण्याआधी मी ती दोनदा तपासली.

ताई